फार हुशार नको, ढ नको

रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा मी सहा मुलांना हिब्रू वाचायला शिकवते. बाकीचे दिवस मी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत असते. दोन्ही कामं सारखीच आहेत, असं मी पूर्वी सहज म्हणायचे. समोर आहे ते नीट बघायचं आणि दिसलं तेवढंच सांगायचं. आता हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

आमचं प्रार्थनालय लहान आहे. त्याच्यामागे एक खोली आहे. तिथे घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकून ठेवलेल्या असतात, एक फळा आहे आणि खिडकीला जाळी आहे. यहुदी घरं या गावात मोजकीच, त्यामुळे सहा ते नऊ वयाची मुलं म्हणजे एवढी सहाच. त्यांनी एकमेकांना नावं ठेवली आहेत आणि मीही तीच वापरते. रेडिओ हा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो. जोडगोळी म्हणजे दोघे भाऊ. एक वाचतो, दुसरा तेच पुन्हा म्हणतो. झोपाळू खरंच झोपते. शेंडेफळ सहा वर्षांचा आहे आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात हे कळल्यापासून शाळेतली गणितंही तशीच लिहितो. आणि खोडरबर. ती आठ वर्षांची. अक्षर लिहिते, माझ्याकडे बघते आणि खोडते. तिच्या वहीच्या प्रत्येक पानाला भोक आहे.

यात माझा हात आहे. मुलाने उत्तर दिलं की मी लगेच बरोबर-चूक सांगत नाही. थांबते. त्याने स्वतः पुन्हा बघावं, अशी माझी पद्धत. रेडिओला त्याचं काही वाटत नाही. खोडरबरला मात्र माझं थांबणं म्हणजे चूक, असं कधीतरी वाटलं आणि ते तसंच राहिलं. मला हे दिसत होतं. सवडीने बघू, असं मी म्हणत राहिले.

त्या बुधवारी हझानांचा फोन आला. हझान म्हणजे आमच्याकडे प्रार्थना चालवणारे. साठीचे आहेत, हार्डवेअरचं दुकान चालवतात आणि बोलताना समोरच्याला स्क्रू पिळल्यासारखे पिळतात.

"ताई, रविवारी वर्ग सुटला की एक मूल लागेल."

"कशाला?"

"अक्षर ओळखायला. आज संध्याकाळी येऊन जा, भिंग आणा तुमचं. आणि मूल बघून द्या. फार हुशार नको, अगदी ढ नको."

"म्हणजे साधारण."

"साधारण म्हणू नका हो, आया भांडायला येतील."

संध्याकाळी मी गेले. मोठ्या टेबलावर तोराची एक गुंडाळी उघडून ठेवली होती. तोरा म्हणजे आमचा मूळ ग्रंथ. प्रार्थनेत तो छापील पुस्तकातून वाचत नाहीत. चामड्यावर हाताने, टाकाने लिहिलेल्या गुंडाळीतून वाचतात. अक्षरांची संख्या लाखांत आहे आणि त्यातलं एक जरी मोडलं तर ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचायला चालत नाही. आमच्याकडे अशा दोन आहेत. टेबलावर उघडलेली गुंडाळी माझ्या वडिलांनी दिलेली होती, आई गेली त्या वर्षी.

"शनिवारचा भाग लावून ठेवत होतो, तर हे दिसलं," हझान म्हणाले. चामड्याला बोट लावायचं नसतं, म्हणून त्यांनी चांदीच्या काडीने जागा दाखवली.

एका शब्दाच्या मधोमध वाव होता. वाव म्हणजे एक उभी काठी, ओळीच्या तळापर्यंत आलेली. तशीच काठी अर्ध्यात थांबली तर ते दुसरं अक्षर होतं, योद. या वावाच्या खालच्या अर्ध्यातली शाई उडाली होती. तिथे फिकट तपकिरी काहीतरी उरलं होतं.

"तुम्ही रोज भिंगातून बघता. काय दिसतंय?"

मी बराच वेळ बघितलं. "शाईचा अंश असेल. किंवा चामड्यावरचा डाग असेल."

"तेच तर. तुमचं-माझं बघणं काही कामाचं नाही. आपल्याला शब्द पाठ आहे. आपले डोळे बघतच नाहीत, पाठांतर बघतं. म्हणून जुन्यांनी सांगून ठेवलंय, अशा वेळी मूल बोलवावं. अक्षरं ओळखणारं, पण अर्थ न कळणारं. हुशार मूल शब्दावरून अंदाज बांधेल. ढ मुलाला अक्षरच येणार नाही. मधलं मूल दिसेल ते बोलेल. वाव म्हणालं तर वाव. योद म्हणालं तर गुंडाळी बंद."

मी मान डोलावली. मला मनापासून आवडलं ते. आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्यांवर फक्त आकडे असतात. पाणी कुठल्या टाकीचं आहे ते तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे अपेक्षा मोजमापात शिरत नाही. हा नियम तिथे मीच लावला आहे. आणि हीच युक्ती कित्येक शतकांपूर्वी कुणीतरी एका मुलावर सोपवून मोकळं झालं होतं.

"बंद झाली तर दुरुस्ती?"

"लिहिणारा माणूस इथे कुठे आहे? बाहेरून येतो, वर्षातून एकदा. नुकताच येऊन गेला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या शनिवारी तुमच्या आईचा स्मृतिदिन आहे, माहीत आहे मला. बाबांना वाचनाला पुढे बोलवायचं ठरलंय. दुसरी गुंडाळी आहेच की."

दुसरी आहेच. पण बाबा एक्याण्णव वर्षांचे आहेत. दर शनिवारी कपाट उघडलं की दोन गुंडाळ्यांपैकी आपली कुठली ते ते बघतात आणि मखमली आवरणावर हात ठेवतात. ते घड्याळजी होते. त्या हाताला आता कंप आहे, पण आवरणावर ठेवला की तो थांबतो. हे मी मोजलेलं नाही, पण बघितलं आहे.

त्यांना काहीच सांगायचं नाही, असं मी घरी जाताना ठरवलं. पुढचं मात्र मी ठरवलं नाही. निदान त्या वेळी मला तसंच वाटत होतं.

रविवारी वाचनाचा सराव होता. मी फळ्यावर दहा शब्द लिहिले. सातवा शब्द तो होता.

मी स्वतःला सांगितलं की वाव आणि योद यांचा गोंधळ मुलं नेहमी करतात, आज तोच घेऊ. हे खरंही होतं. ते शब्द मी अभ्यासक्रमातून घेतले होते, हेही खरं. दहाच्या दहा शब्द खरे होते.

"सातवा," मी म्हणाले. "मधलं अक्षर कोणतं?"

"वाव!" रेडिओ.

"वाव," जोडगोळीतला मोठा. "वाव," धाकटा.

झोपाळूला हलवून विचारलं. शेंडेफळाने उभं राहून सांगितलं. खोडरबर म्हणाली, "वाव?" आणि माझ्याकडे बघितलं. एरवी मी थांबले असते. त्या दिवशी लगेच म्हणाले, "बरोबर. वाव. परत म्हण."

तिने परत म्हटलं.

"लिही पाच वेळा."

तिने पाच वेळा लिहिलं आणि एकदाही खोडलं नाही. मला बरं वाटलं. बघ, थोडं कौतुक केलं की पोरगी कशी उमलते, असं माझ्या मनात आलंसुद्धा. माणूस स्वतःला किती बारीक फसवू शकतो, याचं मोजमाप माझ्याकडे नाही.

साडेदहाला मी तिचा हात धरून तिला मोठ्या खोलीत नेलं. हझान होते, आणखी चार-पाच पुरुष होते. तिची आई दाराशी उभी होती. बाबा कपाटाशेजारच्या आपल्या खुर्चीत बसले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतंच.

"ये बाळा," हझान म्हणाले. "घाबरायचं नाही. इथे परीक्षा तुझी नाही, अक्षराची आहे."

त्यांनी पुढचा मजकूर कोऱ्या कागदाने झाकला आणि तिला स्टुलावर उभं केलं. काडीचं टोक जागेवर आणलं.

"हे कोणतं?"

खोडरबर वाकली. खूप वेळ वाकून राहिली. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ती अख्खा शब्द वाचत होती. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी काही केलं नाही. मान हलवली नाही की डोळे मिचकावले नाहीत. हे मी शपथेवर सांगू शकते. फक्त नजर वळवली नाही.

"वाव," ती म्हणाली.

"वाव!" हझान मोठ्याने म्हणाले आणि खोलीतला श्वास सुटला. कुणीतरी बाबांचा खांदा थोपटला. बाबा हसले. त्यांच्या हातात रुमाल होता. डोळे पुसायला काढला होता, पण ते त्याने चष्मा पुसत बसले.

दाराशी खोडरबरच्या आईने मला गाठलं. "सहा जणांतून आमची निवडलीत! हिचे बाबा तर बिल्डिंगभर सांगत सुटणार. एरवी शाळेत सगळे म्हणतात, हिला आत्मविश्वास नाही, आत्मविश्वास नाही. कशी निवडलीत हो, बाई?"

"लक्ष देऊन बघते ती," मी म्हणाले.

खोडरबर बाहेरच्या नळावर पाणी पीत होती. मी तिच्याजवळ गेले, शाबासकी द्यायला.

"बाई," ती तोंड पुसत म्हणाली, "ते छोटं होतं."

"काय?"

"ते अक्षर. योदसारखं होतं. खाली नुसतं मळलेलं होतं."

"मग वाव का म्हणालीस?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली की हा काय प्रश्न आहे. "तुम्ही सकाळी वाव सांगितलं होतं ना? पाच वेळा लिहिलं मी. परत चुकलं असतं तर?"

आईने हाक मारली आणि ती पळाली. मी नळ बंद केला. तो बंदच होता.

सोमवार ते गुरुवार मी हिशेब मांडत बसले. एका मुलीचं निरीक्षण म्हणजे काय मोठं? प्रकाश कमी होता. तिलाही शंकाच होती. कदाचित ती शाईच असेल. मी स्वतः भिंगातून बघून ठरवू शकले नव्हते, मग आठ वर्षांच्या पोरीचे डोळे... आणि हे इथवर आलं की गाडी थांबायची. नेमके तिचे डोळेच हवे होते. तेवढे सोडून त्या खोलीतल्या बाकी सगळ्यांचे डोळे निरुपयोगी होते, हे मला आधी समजावून सांगितलेलं होतं.

बुधवारी प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने बाटली कुठल्या भागातली ते विचारून घेतलं आणि मग आकडा लिहिला. एरवी मी ते पान रद्द केलं असतं आणि तिला तपासणी पुन्हा करायला लावली असती. त्या दिवशी मी तिच्या मागे उभी राहिले आणि नुसती उभीच राहिले.

"काही चुकलं का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "हो. पण आज मी सांगू नये."

तिने मला बरं नाही असं समजून पाणी आणून दिलं.

शुक्रवारी दुपारी मी बाबांची नखं कापते. आमचा शनिवार शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो, त्यापूर्वीचं आमचं हे जुनं काम. ते खिडकीपाशी बसतात, मी समोर मोड्यावर बसते.

"उद्या निळा सदरा," ते म्हणाले. "तुझ्या आईला तो आवडायचा नाही. म्हणायची, पोस्टमन दिसता. पण आता कोण बोलणार?"

मी त्यांचा अंगठा धरला होता. "बाबा, त्या मुलीला योद दिसलं होतं."

त्यांना ऐकू कमी येतं. मला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. मग सगळंच सांगितलं. भिंग, फळा, सातवा शब्द, नळ. लाजेची गोष्ट ओरडून सांगण्यासारखं दुसरं काही नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, ते थांबल्यासारखं वाटलं.

त्यांनी आपल्या कापलेल्या आणि न कापलेल्या नखांकडे बघितलं.

"माझ्यासाठी केलंस?"

"हो."

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"चाळीस वर्षं घड्याळं उघडली मी. बंद पडलेलं घड्याळ बघून मी रडेन असं वाटलं तुला?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी त्या दिवशी खुर्चीत बसून हसत होतो. सगळ्यांसमोर. मूर्खासारखा."

"बाबा..."

"आणि त्या पोरीला काय सांगितलंस?"

"काही नाही."

"पाच दिवस?"

त्यांनी हात सोडवून घेतला.

"आधी तिच्याकडे जा. मग हझानांकडे. मला तिथे घेऊन जायला ये, मी तयार होऊन बसतो. ही उरलेली मी कापीन."

त्यांना ते जमणार नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी नेलकटर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि निघाले.

खोडरबरचं घर तिसऱ्या मजल्यावर. आईने दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "या ना, बाई! अहो, बसा. हिने वहीचं ते पान फ्रिजवर लावलंय, बघा." फ्रिजवर खरंच ते पान होतं. पाच वाव, सुबक, एकही भोक नाही.

मी बसले नाही. खोडरबर आतून आली. मी तिच्यासमोर खाली बसले, कारण उभं राहून हे सांगता आलं नसतं.

"तुला योद दिसलं होतं. तू बरोबर बघितलं होतंस. मला ते वाव असायला हवं होतं, म्हणून मी सकाळी तुमच्याकडून घोकून घेतलं. चूक तुझी नाही. माझी आहे."

तिने विचार केला. "म्हणजे मला खोडायला नको?"

"नको. तू जे बघितलंस ते नको खोडूस."

"मग तुम्ही खोडणार?"

"हो. आत्ता जाते."

तिला एवढं पुरलं. ती फ्रिजपाशी गेली आणि आपल्याच पानाकडे बघत राहिली, ते आता कशाचं म्हणायचं असं. आईला मात्र पुरलं नव्हतं. ती माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, त्याला जायला कुठे जागा सापडत नव्हती.

"बाई, एक विचारू? ते हझान कुणाला तरी म्हणत होते, फार हुशार नको, ढ नको. ते माझ्या मुलीबद्दल होतं?"

"हो," मी म्हणाले.

"आणि तुम्ही म्हणालात, ती लक्ष देऊन बघते म्हणून."

"ते खरं आहे. ते मी तेव्हा कारण म्हणून सांगितलं, पण ते खरं आहे."

तिने मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. मी चार पायऱ्या उतरल्यावर दार बंद झाल्याचा आवाज आला.

हझान दुकान लवकर बंद करून प्रार्थनालयात दिवे लावत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकही विनोद केला नाही.

"ठीक," शेवटी ते म्हणाले. "दुसरं मूल द्या. शनिवार लागायला अजून तास आहे."

"दुसरं नाही."

"सहा आहेत की तुमच्याकडे."

"सगळ्यांना घोकायला लावलं मी. शेंडेफळालासुद्धा."

त्यांनी हातातली आगपेटी टेबलावर ठेवली. "म्हणजे आख्ख्या गावात त्या अक्षराकडे सरळ बघेल असं एकही मूल तुम्ही ठेवलं नाहीत."

नमुना खराब झाला तर दुसरा घेता येतो. मी टाकीच खराब केली होती.

"एका मुलीला योद दिसलं. दुसरं विचारायला कुणी नाही," ते म्हणाले. "मग बंदच. बांधून ठेवतो. उद्या दुसरीतून वाचू."

"मी बाबांना घेऊन येते."

बाबा निळा सदरा घालून जिन्यात उभे होते. एका हाताची नखं कापलेली, दुसऱ्याची तशीच. रस्ता ओलांडताना त्यांनी माझं कोपर धरलं, पण ते रस्त्यासाठी होतं.

वापरायची नसलेली गुंडाळी ओळखू यावी म्हणून तिचा कापडी पट्टा आवरणाच्या आत न बांधता वरून बांधतात. कपाट उघडलं की तो गाठ मारलेला पट्टा समोर दिसतो आणि ती कुणी बाहेर काढत नाही. हझानांनी पट्टा हातात घेतला होता.

"द्या," बाबा म्हणाले.

"मी बांधतो ना, काका."

"माझी आहे. द्या."

त्यांनी मखमलीवरून पट्टा फिरवला. दोनदा फिरवला. टोकं समोर आणली आणि गाठ मारायला लागले. कंप सुरू झाला. पहिला फास निसटला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा निसटला. हझान एक पाऊल पुढे आले आणि थांबले. घड्याळांतले तांदळाएवढे स्क्रू उचलणारी बोटं होती ती.

तिसऱ्या वेळी त्यांनी कसाबसा फास घातला. मान वर केली नाही.

"ओढ," ते मला म्हणाले. "घट्ट ओढ. सैल राहिली तर उद्या कुणीतरी चुकून काढेल."

मी दोन्ही टोकं धरली आणि ओढली. त्यांचं बोट अजून गाठीवर होतं. ते त्यांनी शेवटच्या क्षणी काढून घेतलं.